गुरांच्या हौदातलं शेवाळ: कशाने घासता, किती दिवसांनी?

ओवळ्याची_सून (मंगळवार, रात्री ९:५०)

घोडबंदर रोडला, ओवळ्याच्या गावठाणाच्या कडेला आमचा छोटा गोठा आहे. चार म्हशी, दोन गाई, एक रेडकू. दूध घरी लागतं ते ठेवून उरलेलं आजूबाजूला रतीबाने जातं. गोठ्याबाहेर सिमेंटचा हौद आहे, सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. त्याला बॉलकॉक लावलाय, त्यामुळे पाणी आपोआप भरत राहतं.

घासून चार दिवस होत नाहीत तोच भिंती हिरव्या होतात. आठव्या दिवशी बोट फिरवलं की बुळबुळीत थर हाताला येतो. तळाला सरकी पेंडीचा गाळ बसतो आणि ढवळला की आंबूस वास सुटतो. मी ब्लीचिंग पावडर आणली तर सासरे म्हणाले, "म्हशींना दवाखान्यातलं पानी पाजतेस काय? शेवाल हाय म्हून पानी थंड ऱ्हातं." त्यांच्या मते हौद वर्षातून एकदा, वसुबारसेच्या आदल्या दिवशी धुवायचा असतो. भर म्हणून शेजारच्या टॉवरमधून डासांची तक्रार आलीय.

तर तुम्ही कशाने धुता? किती दिवसांनी? आणि ब्लीचिंगमुळे दुधाला वास येतो हे खरं का?

(जे 'ठाण्यात गोठा? अजून?' असं विचारणार आहेत त्यांना आधीच उत्तर: हो, अजून.)

चहाबाज

ठाण्यात गोठा? अजून?

ओवळ्याची_सून

चहाबाज, तुम्हीच पहिले येणार हे माहीत होतं. 😄

दिवाळेकर

आमच्या शेळ्या आहेत, अकरा. बेलापूरजवळ दिवाळ्याला. शेळी म्हणजे पाण्याच्या बाबतीत महाराणी. पाण्यात लेंडी पडलेली दिसली की दिवसभर तोंड लावणार नाही, मग भले जीभ बाहेर येवो. त्यामुळे हौद वगैरे भानगडच नाही. प्लास्टिकचे कापलेले पिंप, रोज सकाळी उपडे करायचे, नारळाच्या सोडणाने घासायचे, पुन्हा भरायचे. पाच मिनिटांचं काम. शेवाळ धरायला वेळच मिळत नाही.

आमचा त्रास वेगळा आहे. बोअरचं पाणी मचूळ. खाडी हाकेच्या अंतरावर, मेमध्ये तर जिभेला खारटच लागतं. पिंपाच्या कडेला पांढरी रेघ उमटते. ती कशाने काढायची?

टॉवर१८०२

मीही घोडबंदरलाच राहतो, तक्रार करणाऱ्यांत असू शकतो. ताई, वैयक्तिक घेऊ नका, पण गेल्या पावसाळ्यात आमच्या एका विंगमध्ये डेंग्यूचे चार पेशंट होते. उघड्यावर साडेसहाशे लिटर पाणी साठवून ठेवायचं आणि वर शेवाळ कसं घालवू विचारायचं? पाणी बादलीने पाजा ना.

मुरबाडकर

टॉवर१८०२, एक दिवस सहा जनावरांना बादलीने पाणी पाजून बघा. संध्याकाळी तुम्हालाच कुणीतरी बादलीने पाजायला लागेल.

गुरांचा_डॉक्टर

नोकरीत असताना जिल्हाभर फिरलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शेवाळाला तीन गोष्टी लागतात: ऊन, साचलेलं पाणी आणि खाणं. तुमच्या हौदात तिन्ही आहेत. म्हैस पेंड खाऊन थेट पाण्यावर येते. तोंडाला चिकटलेली सरकी, भुसा, लाळ सगळं पाण्यात उतरतं. ते तळाशी कुजतं आणि शेवाळाला खत मिळतं. म्हणून नुसत्या भिंती घासून काही होणार नाही, तळाचा गाळ निघायला हवा.

माझी पद्धत अशी होती. आठवड्यातून एकदा हौद पूर्ण रिकामा. काथ्याच्या घासणीने किंवा खराट्याने भिंती आणि विशेषतः कोपरे घासायचे. धुतल्यावर ब्लीचिंगचं पाणी भिंतींना लावून वीस मिनिटं सोडायचं, मग दोनदा स्वच्छ पाण्याने खळखळून काढायचं. आधी घाण काढा, मग ब्लीचिंग लावा. शेणागाळावर ब्लीचिंग टाकलं तर त्याचा सगळा जोर गाळातच संपतो.

आणि दर पंधरा दिवसांनी आतून चुना. बाजारातली डिस्टेंपर नव्हे, कळीचा चुना. आदल्या दिवशी भिजवून ठेवायचा, विझला की गाळून ब्रशने फासायचा. विझताना तो खदखदतो, डोळ्यांत उडाला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा लहान मुलांना लांब ठेवा. पूर्ण वाळू द्या आणि पहिलं भरलेलं पाणी ओतून द्या. शेवाळ धरणं बरंच लांबतं. तळ पांढरा असला की घाण लगेच नजरेला पडते हा दुसरा फायदा.

दुधाला वास ब्लीचिंगचा नसतो. पिण्याच्या पाण्याला हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते, तेवढ्याने काही होत नाही. दुधाला वास येत असेल तर धार काढायच्या आधी काय खायला घातलं ते बघा. कांद्याची पात, कोबीचा पाला, मुरघास, हे नेहमीचे गुन्हेगार. पण पावडर जास्त पडली तर जनावर पाणी कमी पितं. पाणी कमी प्यालं की दूध कमी, हे सासऱ्यांना नक्की पटेल. म्हशीच्या दुधात शंभरातले ब्याऐंशी-त्र्याऐंशी भाग पाणीच असतं, तेही गवळ्याने न घालता.

दिवाळेकर, पांढरी रेघ क्षारांची. व्हिनेगरने भिजवून घासा, मग भरपूर पाण्याने धुवा. त्याआधी टीडीएस (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार) मोजून घ्या, मीटर स्वस्त मिळतो. तीन हजारांपर्यंत गुरं निभावतात. पाच हजारांच्या पुढे गेलं तर गाभण आणि दुभत्या जनावराला ते देऊ नका.

चहाबाज

"तेही गवळ्याने न घालता" 😂😂 डॉक्टर, साष्टांग.

घणसोलीचा_भाऊ

व्हिनेगरवरून आठवलं. स्वतःचा मूर्खपणा सांगतो, कुणी हसू नका.

आमचा गोठा घणसोली गावात होता, आता जागेवर चार मजली इमारत आहे. तेव्हा हौदाच्या कडेला असाच पांढरा थर धरला होता. मी ब्लीचिंग टाकून ठेवलं होतं, तासाभराने वाटलं थर काही हलत नाही, म्हणून संडास धुवायचं अ‍ॅसिड आणून वरून ओतलं. पांढरा-पिवळट धूर आला आणि असा ठसका लागला की गोठ्याबाहेर जाऊन ओट्यावर पालथा पडलो. डोळ्यांतून पाणी, छातीत आग. आईने ताक पाजलं, काकांनी शिव्या घातल्या. दोन दिवस आवाज बसला होता.

नंतर कळलं की ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. म्हशी तेव्हा चरायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. आणि अ‍ॅसिडने थर गेला तो गेलाच, बरोबर सिमेंटही खाल्लं. नंतर त्या खरबरीत जागी शेवाळ दुप्पट धरायला लागलं.

गुरांचा_डॉक्टर

हसण्यासारखं काहीच नाही, भाऊ. याने माणसं दगावली आहेत. व्हिनेगरसुद्धा आम्लच आहे, तेव्हा व्हिनेगर आणि ब्लीचिंग एकाच दिवशी नको. दिवाळेकरांनी हेही वाचावं.

बागायतदार_नाशिक

आमच्याकडे द्राक्षबागेच्या शेततळ्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात. शेवाळ एका रात्रीत साफ. एवढा खटाटोप कशाला?

गुरांचा_डॉक्टर

बागेला चालेल, गोठ्याला अजिबात नको. मोरचुदातलं तांबं जनावराच्या यकृतात साठत जातं. मेंढी याबाबतीत सगळ्यात नाजूक. शिवाय शेवाळ निळं-हिरवं, पेंटसारखी साय धरणारं असेल तर ते मरताना विष एकदम पाण्यात सोडतं. म्हणजे शेवाळ मेलं आणि बरोबर गाय गेली असं व्हायचं. पाण्यावर तशी साय दिसली तर त्या दिवशी गुरांना तिथे सोडूच नका.

मुरबाडकर

ताई हौद म्हणतायत, पण आमच्याकडे याला डोण म्हणायचे. अखंड काळ्या दगडाची, विहिरीच्या काठाला. आजोबा पहाटे मोटेचं पाणी आधी डोणीत सोडायचे, मग पाटाला. एका टोकाला खाली भोक, त्यात लाकडाचा खुंटा आणि खुंट्याला चिंधी. रोज संध्याकाळी खुंटा उपसला की शिळं पाणी आळूत. आमच्या घरचं आळू अख्ख्या आळीत प्रसिद्ध होतं. त्याचं गुपित हे.

म्हसाच्या जत्रेला बैल घ्यायला गेलो की आजोबा आधी विकणाऱ्याच्या बादलीत बघायचे. बादलीला बुळबुळ असेल तर पुढे चालू लागायचे. म्हणायचे, जो बादली विसळत नाही तो बैलाचे खूर काय बघणार.

सोलापुरी_चादर

आमच्याकडे हाळ म्हणतात.

जीवशास्त्रवाली

माझ्या सासरी, साताऱ्याकडे पण हाळ.

चहाबाज

आमच्याकडे याला 'सोसायटीचा स्विमिंग पूल' म्हणतात. शेवाळ, गाळ, आंबूस वास सगळं सेम टू सेम.

जीवशास्त्रवाली

😂 बरं, डासांकडे येऊ, कारण टॉवर१८०२ अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ही मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणजे पाणी ओतून हौद पुन्हा भरला, भिंत घासली नाही, तर तुम्ही फक्त आधीच्या अळ्या घालवल्या. पुढची पिढी भिंतीवर वाट बघत बसलीय. शेवाळ घासलं की अंडीही जातात, म्हणजे सासऱ्यांचा आणि टॉवरचा प्रश्न एकाच खराट्याने सुटतो.

दुसरा उपाय गप्पी मासे. मलेरिया विभागाकडे मागितले तर मिळतात. अळ्या खातात. फक्त हौदात गप्पी आणि ब्लीचिंग दोन्ही नाही, मासे मरतील.

चहाबाज

शंका: म्हशीने पाणी पिताना गप्पी गिळला तर ते दूध उपासाला चालेल का?

मुरबाडकर

चहाबाज, चातुर्मासात चालणार नाही. बाकी दिवशी सोलकढीबरोबर चालेल.

टॉवर१८०२

जीवशास्त्रवाली, धन्यवाद, निदान कुणीतरी ऐकलं. भिंतीवरच्या अंड्यांचं मला माहीत नव्हतं. आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या ताटल्या आजच बघतो. शेणाच्या वासाबद्दल मात्र वेगळा धागा काढणार आहे.

घणसोलीचा_भाऊ

काढा. आम्ही बिल्डिंगच्या जनरेटरच्या धुराबद्दल काढतो.

प्रशासक

मंडळी, हौदावर या.

स्लॅब_आणि_बीम

सिव्हिलवाला आहे, म्हशीतलं काही कळत नाही, पण आकडे कळतात.

सहा गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे २४ घनफूट. एक घनफूट साधारण २८.३ लिटर, म्हणजे हौदात सुमारे ६८० लिटर. डॉक्टर, सहा जनावरं दिवसाला किती पितात?

गुरांचा_डॉक्टर

ऋतू, दूध, चारा यावर आहे. दुभती म्हैस उन्हाळ्यात ७०-८० लिटर सहज पिते. गाई दोन्ही धरून शंभर. चारशेच्या आसपास धरा. हिवाळ्यात ओला चारा असेल तर बरंच कमी.

स्लॅब_आणि_बीम

म्हणजे उन्हाळ्यातही जवळजवळ पावणेदोन दिवसांचं पाणी साठलेलं आहे, हिवाळ्यात तीन-चार दिवसांचं. आणि तेसुद्धा कधीच संपत नाही, कारण बॉलकॉक. दोन इंच उतरलं की दोन इंच भरलं. वरचं पाणी बदलतं, खालचं तसंच. गणपतीत भरलेल्या पाण्यातलं थोडंसं दिवाळीपर्यंत तळाला असणार. ताई, तुमचा हौद म्हशींच्या मानाने मोठा आहे.

तळाला एक फूट भराव करा. विटांचे तुकडे, वर कॉंक्रीट, वर घोटीव गिलावा. कोपरे काटकोनात ठेवू नका, गोल फिरवा, म्हणजे खराटा पोहोचतो. तळाला एका टोकाकडे उतार, तिथे दोन इंची पाइप आणि बूच. क्षमता ३४० लिटर राहील, दिवसातून एकदा रिकामाच होईल. बॉलकॉकवर जाळी किंवा पत्र्याचं झाकण घाला, म्हशी शिंगं घासून तो वाकवतात असं ऐकतो.

आता मुख्य प्रश्न. हौदाला सध्या निचऱ्याचं भोक आहे का? तुम्ही ते कुठेच लिहिलेलं नाही.

ओवळ्याची_सून (गुरुवार, दुपारी २:१५)

नाही!! मी डबड्याने उपसते. शेवटचे चार इंच उपसता येत नाहीत, म्हणून ते तसेच राहतात. दीड तास जातो आणि कंबर बोलते. म्हणूनच आठवड्याचं पंधरवड्यावर जातं. सासऱ्यांना विचारते.

दिवाळेकर

तोवर उपसायला नळीचा सायफन लावा. नळी पाण्याने भरून एक टोक हौदात, एक खाली उताराला. बाकीचं आपोआप. तोंडाने ओढू नका, मी एकदा ओढलंय.

चहाबाज

चव कशी होती?

दिवाळेकर

तुमच्या ऑफिसच्या चहासारखी.

येऊरची_वाट

अवांतर आहे पण सांगते. आम्ही येऊरच्या पायथ्याशी राहतो. काकांच्या गोठ्याबाहेरच्या कुंडीवर मे महिन्यात सकाळी पंजे दिसायचे, कुत्र्यापेक्षा मोठे आणि नखांची खूण नाही. जंगलातले पाणवठे आटले की बिबट्या खाली येतोच. काकांनी मग एक नियम केला. संध्याकाळी खुंटा काढायचा, रात्रभर कुंडी कोरडी, सकाळी भरायची. गुरांच्या पाण्यासाठी आत वेगळी बादली. बिबट्याचं येणं कमी झालं, आणि आता हा धागा वाचून कळतंय की शेवाळ का नव्हतं तेही.

टॉवर१८०२

बिबट्या???

मुरबाडकर

घ्या. डास परवडले.

कळवेकर_जुने

रात्री कोरडी ठेवण्याला माझंही अनुमोदन, कारण वेगळं. उंदीर. पावसाळ्यात उंदीर हौदाच्या काठावर फिरतात, त्यांच्या लघवीतून लेप्टो पसरतो. जनावरालाही होतो, माणसालाही. हौद घासताना गमबूट आणि रबरी मोजे घाला, पायाला चीर असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला सांगा.

२६ जुलै २००५ नंतरचं आठवतं. सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला तो दिवस. आमच्या गोठ्यात छातीभर पाणी होतं. तीन म्हशी दावणीलाच गेल्या, दावी कापायला विळा सापडेपर्यंत उशीर झाला. पाणी उतरल्यावर हौदात वीतभर चिखल, त्यात रॉकेलचा तवंग, मेलेल्या घुशी. वडिलांनी चिखल काढला, तीनदा धुतला, ब्लीचिंग लावून रात्रभर ठेवलं, पुन्हा धुतला. तरी उरलेल्या म्हशी आठ दिवस त्यातलं पाणी प्यायल्या नाहीत. वडील तेव्हा विहिरीवरून कावडीने पाणी आणायचे. मग एक दिवस तो हौद फोडलाच.

गुरांचा_डॉक्टर

कळवेकर, तो आठवडा मलाही आठवतो. जास्त लिहीत नाही.

उंदरांचं बरोबर आहे. त्यात एक भर: आसपास लाळ्या-खुरकूत आली असेल तर शेजारच्या गोठ्यातल्या जनावराला आपल्या हौदावर येऊ देऊ नका. लाळेतून पाण्यात, पाण्यातून सगळ्यांत. हौद धुण्याच्या सोड्याने धुवा, लिटरला ४० ग्रॅम, आणि मग साध्या पाण्याने.

ओवळ्याची_सून (रविवार, संध्याकाळी ६:३०)

अपडेट!

सासऱ्यांना विचारलं, भोक आहे का. म्हणाले, होतं. गळायचं, म्हणून त्यांनीच पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सिमेंटने बुजवलं. कुठे होतं ते आठवेना. मी स्लॅब_आणि_बीम यांचा हिशेब मोठ्याने वाचून दाखवला. गणपतीतलं पाणी दिवाळीला, इथे ते गप्प झाले. मग उठले, छिन्नी-हातोडी घेऊन आले आणि हौदाच्या बाहेरच्या अंगाने ठोकत ठोकत गेले. एका जागी आवाज पोकळ आला. तिथे फोडलं तर आत जुना लोखंडी पाइप, गंजून बोटाएवढा उरलेला.

शेवटचे चार इंच उपसायला दोघं बसलो, डबडं सोडून तसराळ्याने. गाळ काळा, साबणासारखा गुळगुळीत. वास असा की टॉवर१८०२ यांना त्या दिवशी तरी तक्रारीचा पूर्ण हक्क होता. त्यात निघालं ते असं: बॉलकॉकचा जुना फुगा, एक स्टीलचा चमचा, दोन गोट्या आणि एक पितळी घंटा, आतला लोळा नसलेली. सासऱ्यांनी ती पदराने पुसावी तशी उपरण्याच्या टोकाने पुसली आणि म्हणाले, "चंद्रीची." चंद्री माझं लग्न व्हायच्या आधी गेली. तिच्या गळ्यातली घंटा हरवली तेव्हा म्हणे गड्यावर आळ घेतला होता. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, चुना कुठे मिळतो बघ.

भराव घातला, उतार काढला, दोन इंची पीव्हीसी आणि बूच बसवलं. गिलाव्यावर सात दिवस पाणी मारायचंय, तोवर पिंपांतून पाजतोय. चुना त्यानंतर. बुचाखालचं पाणी सध्या सासूबाईंच्या केळीला जाईल. मुरबाडकर, आळूही लावतेय.

चहाबाज

गड्याला फोन केला का?

ओवळ्याची_सून

सासऱ्यांनीच केला. नंबर शोधायला दोन तास लागले. काय बोलले ते माहीत नाही, गच्चीवर गेले होते.

ओवळ्याची_सून (नऊ दिवसांनी, मंगळवार)

शेवटचं. चुना वाळला, पहिलं पाणी ओतलं, दुसरं भरलं. म्हशी आल्या आणि पांढरा तळ बघून बुजल्या. मोठी दहा मिनिटं नुसती फुरफुरत उभी. सासरे म्हणाले, सांगितलं होतं, दवाखाना वाटतो. मग रेडकू मध्ये घुसलं, पुढचे पाय काठावर ठेवून प्यायला लागलं, त्याच्या मागून सगळ्या.

आता नवीन अडचण. रेडकू रोज काठावर चढतं आणि बॉलकॉकचं झाकण चाटतं. यावर उपाय?

दिवाळेकर

त्याच्यासाठी वेगळं कापलेलं पिंप. माझ्याकडे दोन जास्तीची आहेत, बेलापूरहून घेऊन जा.

टॉवर१८०२

मी शनिवारी तिकडेच येतोय, गाडीत टाकून आणतो. रेडकू बघायला मुलगी येईल बरोबर, चालेल ना?